चढावर घसरणारा गिअर

तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, शेजारून आणलेली भांडी परत गेली, अंगणातला मांडव निघाला, आणि पडवीतला रॉकेलचा वास मात्र जागचा हलला नाही. तो कोपरा मी शेणाने सारवून घेतला, सोड्याने भिंत पुसली, तरी तिथून जाताना वाटतं की तुम्ही चाक मांडीवर घेऊन बसलाच आहात. मला त्या वासाची आधी जितकी शिसारी यायची तितकीच आजही येते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे बायको डोळ्यांत पाणी आणून लिहायला बसली आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको.

तुम्ही कशाने गेलात, किती दिवस आजारी होतात, शेवटी काय म्हणालात, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगून माझं तोंड दुखलं. तुम्हाला ते सांगायची गरज नाही. तुम्ही तिथेच होतात. मला बोलायचंय ते तुमच्या त्या गिअरबद्दल. आपलं ते भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. आणि काल संध्याकाळपासून तर मला तुमचा असा काही राग आलाय की समोर असतात तर जेवायला वाढलं नसतं.

काल तुमच्या दवाखान्यात सभा झाली. ज्या बाकांवर पेशंट ताटकळायचे त्याच बाकांवर मंडळी बसली होती. तुमच्या फोटोला हार घातला होता. त्या फोटोतही तुमच्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग आहे. तो कुणाला दिसला नाही, मला दिसला. मग बाजारपेठेतले एक गृहस्थ उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपले कंपाउंडर काळाच्या पुढे पाहणारे होते. औंढ्यासारख्या खेड्यात राहून त्यांनी सायकलीला गिअर बसवला. सुधारणेचा ध्यास म्हणतात तो हाच." शोकसभा होती म्हणून, नाहीतर टाळ्याच पडल्या असत्या. हेच गृहस्थ खोकल्याचं औषध न्यायला आले की खिडकीतून ओरडायचे, "ओ गिअरवाले, आज औषध कुठल्या गिअरमध्ये?" आणि स्वतःच हसायचे. तेव्हा तुम्हीही हसायचात. मला त्यांची किळस यायची ती यायचीच, वर आपली टिंगल चाललीय हे न कळणाऱ्या नवऱ्याचाही संताप यायचा.

सुधारणा म्हणे! चढ होता तिथेच आहे. तुम्ही त्याला सुधारला नाहीत आणि तुमच्या चाकानेही सुधारला नाही.

माझं माहेर सुदुंबऱ्याचं. तिकडे रान सपाट. कुणाच्या मागे सायकलीवर बसलं की घर आल्यावरच उतरायचं. लग्न होऊन औंढ्यात आले तेव्हा कळलं की इथे सायकल निम्मी वाट आपल्याला नेते आणि निम्मी वाट आपण तिला न्यायची असते. तुम्ही लोणावळ्याला दवाखान्यात कंपाउंडर, मी तिथल्याच मुलींच्या शाळेत शिक्षिका. सकाळी तुमच्या कॅरिअरवर बसून जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. सकाळच्या उतारावर बोलणं शक्य नव्हतं. ब्रेक करकरायचे आणि मी डोळे मिटून तुमचा शर्ट धरलेला असायचा. सपाट रस्त्यावर बोलावं तर वारा. मी काही म्हटलं की तुम्ही पुढे बघत "काय?" म्हणायचात, पुन्हा म्हटलं की पुन्हा "काय?" नवऱ्याच्या पाठीशी माणूस कितीसं बोलणार?

मग परतीच्या वाटेवर गावाच्या अलीकडचा तो चढ यायचा. तिथे कुणाचीच सायकल चढत नसे. दूधवाला उतरायचा, पोस्टमन उतरायचा, आपणही उतरायचो. सायकलीच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी. ओढ्यापासून वर माथ्यावरच्या आंब्यापर्यंत असं चालत जायचं. आंब्यापाशी गाव दिसायचं, आणि गाव दिसलं की सुनेने मागे राहायचं. तुमच्या वडिलांनी, आबांनी, मला पहिल्याच आठवड्यात दारात थांबवून सांगितलं होतं, "शाळंत जायाचं तर जा. पर नवऱ्याच्या सायकलीवर बसून गावात शिरायचं न्हाई. आंब्यापाशी उतरायचं, डोईवर पदर घ्यायचा आन् मागनं चालत यायचं." तशी मी येत राहिले. तुम्ही पुढे सायकल घेऊन असे जायचात की मागून येणारी बाई कोण हे तुम्हाला ठाऊकच नाही.

घरात तर काय, आबा, सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, त्यांची मुलं. सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलणारी सून म्हणजे निर्लज्ज. तुम्हाला भाकरी हवी का हे विचारायचं तरी जाऊबाईंच्या मुलाच्या तोंडून. निजायच्या खोलीची भिंत कुडाची, पलीकडे आबा खोकायचे. तेव्हा लग्न झाल्यावर नवराबायको जे काही बोलतात ते सगळं आपण त्या चढावर बोललो. माझ्या वर्गातल्या मुली कशा आहेत, डॉक्टर आज कुणावर ओरडले, मला माहेरी कधी जायचंय, तुम्हाला जाऊबाईंच्या हातची आमटी का आवडत नाही, सगळं. आपलं लग्न औंढ्यात नव्हतंच, ते त्या चढावर होतं.

बरीच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, तेव्हा सासूबाईंनी तुमच्यासाठी दुसरी बघायला घेतली. भाजे गावची कुणी मुलगी होती. मला कुणी सांगितलं नाही, पण जाऊबाई एकाएकी माझ्याशी गोड बोलायला लागल्या त्यावरून मी ओळखलं. त्या संध्याकाळी निम्मा चढ गेल्यावर तुम्ही चाकाकडे बघत म्हणालात, "आईला सांगून टाकलं म्या. सायकलीला क्यारिअर एकच हाय. दुसरीला कुटं बसवू?" मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी हँडलवर तुमच्या हाताशेजारी हात ठेवला आणि उरलेला चढ सायकल दोघांनी मिळून ढकलली. आंब्यापाशी मी हात काढून घेतला, पदर घेतला आणि मागे राहिले. त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही.

आणि असा तो चढ तुम्हाला नकोसा झाला.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही ते चाक घरी आणलंत. खंडाळ्याकडच्या एका बंगल्यातल्या माळ्याचा पाय सडत चालला होता, तो तुम्ही महिनोन् महिने धुऊन बांधून बरा केलात. बंगल्यात एक विलायती सायकल मोडून पडली होती, तिचं मागचं चाक त्याने मालकांना विचारून तुमच्या हवाली केलं. मधोमध जाड डबा, त्यातून बाहेर येणारी करंगळीएवढी साखळी, तिला जोडलेली वायर आणि हँडलवर बसवायचा खटका. नवी सून उंबऱ्यावर आणावी तसं तुम्ही ते सांभाळून आत आणलंत. सासूबाई म्हणाल्या, "ह्ये काय आनि?" आबा अंगणात जाऊन थुंकले. त्या घरात माझं आणि आबांचं एकमत झालेला तो एकच दिवस.

तुम्ही मात्र माझी शिकवणीच घेतलीत. "खटका पयल्यावर टाकला की पाय हलका व्हतो, पर चाक हळू फिरतं. दुसरा नेहमीचा. तिसरा सपाटीला. चढाला पयला टाकायचा, आन् बसल्या जागी वर. तुला उतराया नगं."

मला उतरायला नको! मी कधी गाऱ्हाणं केलं होतं तुमच्याकडे?

मग ती घाण सुरू झाली. दर रविवारी पडवीत चाक उघडायचं. भाकरीची परात घ्यायची आणि तिच्यात रॉकेल ओतायचं. चाकातले छर्रे माझ्या कुंकवाच्या वाटीत. त्या डब्यातली बारीक बारीक दातेरी चाकं माझ्या धुतलेल्या फडक्यावर ओळीने मांडलेली. हाताचं ग्रीस दाराच्या कडीला, कडीचं माझ्या पदराला. शाळेत मुली विचारायच्या, "बाई, पाठीला काय लागलंय तुमच्या?" काय सांगू, नवऱ्याची सुधारणा लागलीय? एक स्प्रिंग हरवली म्हणून तुम्ही मला तांदळाचा डबा उपसायला लावलात. ती तुमच्या कानामागे पेन्सिलीबरोबर अडकलेली निघाली. भोवती गावातले चार रिकामटेकडे उकिडवे बसून माना डोलवायचे, आणि त्यांच्यासाठी चहा कुणी करायचा, तर मी.

भांडणं तेव्हाच सुरू झाली. चढावर नाही. चढावर आता बोलणंच नव्हतं. सकाळी निघताना, आंघोळीचं पाणी काढताना, जिथे दोन शब्द टाकता येतील तिथे, दबक्या आवाजात. मी म्हणायची, "हे नव्हतं तेव्हा आपण घरी पोचत नव्हतो का?" तुम्ही म्हणायचात, "कंदील न्हवता तवाबी मानसं जेवत हुती. म्हनून काय अंधारात जेवायचं?" याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित लिहिताना सुचायचं. कंदील लावला की समोरचं माणूस दिसायला लागतं. तुमच्या गिअरने माझ्या शेजारचं माणूस नेलं. पण हे कोणती बाई नवऱ्याला तोंडावर सांगते? मला तुमच्याबरोबर चालायचंय, हे म्हणायला त्या काळी जी जीभ लागायची ती माझ्याकडे नव्हती. मग मी दुसरं काहीतरी बोलायची. म्हणायची, "घाम येऊ नये म्हणून बसवलेल्या वस्तूपायी तुम्ही रविवारभर घाम गाळताय." तुम्ही म्हणायचात, "त्याला हौस म्हनत्यात." "मग हौस म्हणा. सुधारणा म्हणू नका." हे वाक्य काल त्या गृहस्थांना सभेत उठून ऐकवावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

ते काही महिने मला आठवले तरी तोंड कडू होतं. चढ आला की खट् करून खटका पडायचा. तुम्ही मान खाली घालून पायडल मारत राहायचात, मागे मी पोत्यासारखी. तुम्हाला एवढी धाप लागलेली असायची की बोलणं दूरच. शेवटी आंब्यापाशी पाय टेकून तुम्ही मोठ्या ऐटीत विचारायचात, "बघ, उतरावं लागलं का?" आणि मी उतरायची, कारण गाव आलेलं असायचं.

त्याच पावसाळ्यात माझ्या वर्गातली सोनी गेली. डोंगरातल्या वाडीवरून चालत यायची. शेवटच्या ओळीत बसायची आणि कविता मात्र सगळ्यांत आधी पाठ करायची. तापाने गेली. निरोप दुपारी आला, आणि मला तसाच पुढचा तास घ्यावा लागला. संध्याकाळी तुमच्या मागे बसले तेव्हापासून मला ते सांगायचं होतं. रस्त्यावर वारा आणि पाऊस. ओढा आला, तुम्ही खट् केलंत आणि चढ संपला. आंब्यापाशी मी पदर घेतला. घरी गेल्यावर भाकरी करपली म्हणून सासूबाई बोलल्या. मी गोठ्यात गेले आणि गाईच्या मानेला तोंड लावून रडले. तेवढ्यात तुम्ही बादली न्यायला आलात. तुम्ही मला बघितलंत. काही विचारणार होतात, पण पलीकडच्या कोपऱ्यात भाऊजी धार काढायला बसले होते. तुम्ही बादली उचलून निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी गिअर घसरला. पायडल एकदम मोकळं गरगरलं, सायकल डुगडुगली. तुम्ही पाय टेकवून म्हणालात, "उतर. घसरतोय ह्यो."

मी उतरले आणि तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. निम्मा चढ मी तुमच्या गिअरचा, तो देणाऱ्या माळ्याचा आणि ज्या देशात तो तयार झाला त्या देशाचा उद्धार केला. तुम्ही खाली मान घालून सायकल ढकलत होतात. माझे शब्द संपले तेव्हा मी सोनीचं सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "कंच्या वाडीवरची?" त्या रविवारी तुम्ही चाक उघडलं नाहीत. आपण दोघं तिच्या आईला भेटून आलो.

त्या दिवसापासून तो गिअर घसरतच राहिला. सपाटीला कधी नाही, उताराला कधी नाही, नेमका चढ आला की. "भार पडला की घसरतोय," असं तुमचं निदान. मग रविवारी पुन्हा चाक उघडायचं, पुन्हा परात, पुन्हा रॉकेल, आणि सोमवारी ओढ्यापाशी पुन्हा गरगर. माझ्या तोंडाला तर खाद्यच मिळालं. ज्या एका कामासाठी बसवला तेवढंच त्याला येत नाही, असं मी भेटेल त्याला सांगायची. शाळेतल्या बाया हसायच्या. तुम्ही ऐकून घ्यायचात. आणि निम्म्या चढावर माझी शिवीगाळ आटोपली की आपण बोलायला लागायचो.

कोयनेच्या भूकंपात गोठ्याची भिंत पडली. पुढे आबा गेले, मग सासूबाई गेल्या. आंब्यापाशी पदर घ्यायची सक्ती करणारं कुणी उरलं नाही. माझे केस पिकले, तुमचे गेले. गिअर घसरायचा तो घसरायचाच.

मग आपला पुतण्या वसंत पिंपरीच्या कारखान्यात लागला आणि पाच गिअरची गोष्ट घेऊन आला. मुंबई रस्त्यावर शर्यतीच्या सायकली जाताना त्याने बघितल्या होत्या. त्यात डबाबिबा नाही, मागे चकत्यांची उतरंड, आणि चेनच या चकतीवरून त्या चकतीवर उडी मारते. वसंत म्हणाला, "काका, तिनाचा जमाना गेला. तीनमधी एकदम मोठी उडी बसती. पाचात पाय कसा बराबर बसतो." तीन झाले, आता पाच, पुढे सात येतील, दहा येतील, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी सांगेल की आधीचा म्हणजे अगदीच रानटी होता. पाय तेच, चढ तोच. मी तुम्हाला म्हटलं, "आधी तीन धड चालवा, मग पाच आणा." मला वाटलं तुम्ही आता कंदिलाची गोष्ट काढणार. तुम्ही वसंतला म्हणालात, "पाच कशाला? ह्योच बरा हाय. घसरतो, पर आपला हाय." मी थक्क झाले. म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली.

आता कालचं सांगते.

सायकल वसंतला हवी आहे. दहाव्याला नदीवरून आल्यावर अंगही न पुसता तो पडवीत दोरीने चाकाचं माप घेत होता. पाच बसतील का ते बघत होता. तुमच्या पिंडाला कावळा नुकता कुठे शिवला होता. मला त्याची अशी किळस आली की मी दार लावून घेतलं. पण काल सभेला न्यायला-आणायला तोच होता, तुमची सायकल घेऊन. परत येताना ओढा आला तशी मी म्हटलं, "थांब, उतरते. घसरेल."

"बसा ओ काकू," म्हणाला आणि खटका टाकला.

घसरला नाही. माझ्या वजनासकट, ओल्या वाटेवर, ओढ्यापासून आंब्यापर्यंत एकदाही घसरला नाही. मी कॅरिअर घट्ट धरून वाट बघत होते. आता गरगरेल, त्या दगडापाशी गरगरेल. वर पोचल्यावर वसंत म्हणाला, "ह्यात बिघाड कुटंय? नव्यावानी चालतीय."

मी म्हटलं, "तुझ्या काकांना रोज उतरावं लागायचं. इतकी वर्षं."

त्याने सायकल आंब्याला टेकवली, मागचं चाक उचललं, हाताने पायडल फिरवत खटका पुढेमागे केला. मग म्हणाला, "ह्ये बघा. दुसरा आन् तिसरा, ह्यांच्या मधी खटका अंगठ्यानं धरून ठिवला की पायडल मोकळं फिरतं. पर चढाला खटका तिकडं कोन न्हील? चढाला पयला लागतो. मुद्दाम केलं तरच हुईल असं." आणि तो हसला. "काकांना शेवटपतुर गिअर वापरता आला न्हाई म्हनायचा."

तुम्हाला गिअर वापरता आला नाही! तो डबा डोळे मिटून उघडून जोडणाऱ्या तुम्हाला!

मी आंब्याखालच्या दगडावर बसले. वसंतला वाटलं मला घेरी आली. घेरी नव्हती, संताप होता. म्हणजे इतके रविवार तुम्ही न बिघडलेलं चाक उघडून बसत होतात? माझ्या परातीत? मला दिसावं म्हणून रॉकेल ओतत होतात, माझ्या शिव्या खात होतात, गावाचं हसू ओढवून घेत होतात? त्या रिकामटेकड्यांना चहा पाजायला मला चुलीपुढे बसवत होतात? तमाशातला सोंगाड्यासुद्धा फडापुरतं सोंग करतो आणि मग तोंड धुतो. तुम्ही ते मरेपर्यंत केलंत. सोनी गेली त्या संध्याकाळी गोठ्यात तुम्हाला सगळं कळलं होतं. मी जे बोलू शकले नाही ते तुम्ही न विचारता ओळखलंत. मग माझ्याजवळ बोलला का नाहीत? एकदा, चढावरच, ऐकायला कुणी नसताना, "मलाबी चालायचंय तुझ्यासंगं" एवढं म्हणायला काय झालं होतं? ते भांडण मी जिंकलंय हे तुम्ही मला जन्मभर कळू दिलं नाहीत. याला प्रेम म्हणतात हे मला कळतं. मला त्याचं रडूही येतंय. तरी मला तुमची चीड येते, आणि ती जाईल असं मला वाटत नाही.

आणि गिअरचं म्हणाल तर माझं मत तेच आहे. गरज नव्हती. तिनाची नव्हती, पाचाची नाही. ज्या वस्तूचा सगळ्यात चांगला उपयोग तुम्हाला ती बंद पाडण्यात सापडला, तिला सुधारणा म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना माझा कोपरापासून नमस्कार.

वसंतला मी सांगितलं, "पाच बसव, सात बसव, तुझ्या सायकलीला बसव. हिला हात लावायचा नाही."

"मंग ही चालवनार कोन?" तो म्हणाला.

मला सायकल येत नाही. तुम्ही कधी शिकवली नाहीत आणि मी कधी मागितली नाही. मी त्याला म्हटलं, "तू सायकल घेऊन घरी जा. मी येते मागून." तो गेला. आणि मी उलटी फिरले. चढ उतरून खाली ओढ्यापर्यंत गेले, पाण्याने तोंड धुतलं आणि पायी पुन्हा वर निघाले. या बाजूला मी. त्या बाजूची जागा मी तुमच्यासाठी सोडली होती.

हे सगळं मी तुम्हाला तिथेच ऐकवलं. सभेचं, वसंतचं, दोरीचं, अंगठ्याचं. मोठ्याने. शाळेत शेवटच्या ओळीला ऐकू जावं तसं. मागून पावलं वाजलेली मला कळली नाहीत. वाडीवरची एक बाई होती, लोणावळ्यात लाकडं विकून परत निघालेली, कमरेला दोर गुंडाळलेला आणि डोक्यावर तांदळाचं गाठोडं.

"कुनाशी बोलताय बाई, एकल्याच?"

"आमच्या घरच्यांशी."

तिने माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. "कंपांडर गेलं न्हवं?"

"गेले."

"मंग?"

"बोलायचं राहिलंय."

तिने डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं. "व्हय. ऱ्हातंच," म्हणाली. "म्या हुते म्होरं. तुमी बोला." आणि मागचं कानावर पडू नये म्हणून झपझप पावलं टाकत निघून गेली.

ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला नावाने हाक मारली. म्हटलं, यशवंत, जरा हळू चला.